गव्हावर गहू

आमची कॉलनी आणि शेजारची सोसायटी यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीत एक लहान लोखंडी फाटक. फाटकाच्या आमच्या बाजूला आईची पिठाची गिरणी. दळणाचे निम्म्याहून जास्त डबे सोसायटीतून, त्या फाटकातून येतात. त्या डब्यांवर मी बी.ए. झाले. घरात पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

गेल्या वर्षी सकाळी फिरायला निघालेल्या सोसायटीतल्या एका काकूंचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढलं. काकू पडल्या, गुडघा फुटला. आई त्यांना बघायलाही जाऊन आली. पण दोनच दिवसांत सोसायटीच्या अध्यक्षांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या कडक काकांनी, जाहीर केलं की चोर फाटकातून आमच्या कॉलनीत पळाले. तेव्हा फाटक काढून तिथे विटा लावायच्या. आमची कॉलनी बौद्धांची. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ‘त्या बाजूचे’ हा शब्द जरा जास्तच ऐकू यायला लागला.

फाटक गेलं की सोसायटीच्या बायकांना मोठ्या रस्त्याने वळसा. दहा किलोचा डबा घेऊन वळसा कोण घालतं? त्यात वाटेवर दुसरी गिरणी आहेच. आई एवढंच म्हणाली की मशीनचा पट्टा बदलायचा होता, आता थांबते. आई पट्ट्याला थांबते म्हणाली की समजायचं, ती घाबरलीय.

पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी दोन्हीकडच्या लोकांची एक समिती केली. सचिव मी, कारण ग्रॅज्युएट. बैठक कुठे घ्यायची यावरच दोन दिवस गेले. शेवटी आमच्या विहारात ठरली. काका बारा वर्षं शंभर पावलांवर राहतात, पण आत पहिल्यांदाच आले. चपला कुठे काढाव्यात ते कळेना, म्हणून थोडा वेळ हातातच धरून बसले.

मी तीन पानी निवेदन लिहून नेलं होतं. त्यात ‘सलोखा’ हा शब्द किती वेळा होता ते इथे सांगत नाही. दुसऱ्या पानाला मॅडमनी पाठवलेल्या हवालदारांना जांभई आली. काका म्हणाले, भाषा चांगली आहे, पण सुरक्षेचं काय? माझं बी.ए. तिथेच संपलं.

मग आई उठली. पदराला पीठ तसंच होतं. गिरणीचा एक नियम असतो: गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आधीच्या दळणाचं थोडं पीठ मशीनमध्ये राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून प्रत्येक बाई डबा ठेवण्याआधी विचारते, कशावर टाकणार?

“काका, तुमच्या घरचा डबा दर सोमवारी येतो,” आई म्हणाली. “तुमचा गहू आमच्या गव्हावर पडतो, आमचा तुमच्यावर. बारा वर्षं झाली, तुम्ही आमचं पीठ खाताय, आम्ही तुमचं. बाधलं का कुणाला?”

मागून गुडघ्याला पट्टी बांधलेल्या काकू बोलल्या.

“बाधलं नाही. आणि ते चोर सोसायटीच्या मोठ्या गेटनं गेले. मला कुणी विचारलंच नाही.”

काका म्हणाले, अहो, तुम्ही पडल्या होतात, तुम्हाला काय दिसणार. यावर हवालदार उठले, बाहेर गेले आणि स्वतःची मोटारसायकल फाटकात घातली. हँडल अडकलं. ते इतकं अडकलं की निघेना. मग काका पुढून ढकलतायत, आई मागून ओढतेय आणि हवालदार दोघांना ‘सावकाश, पेंट नवीन आहे’ सांगतायत, असा प्रकार बराच वेळ चालला. गाडी निघाली तेव्हा काकांच्या शर्टालाही पीठ लागलं होतं. विटांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं: दिवा आणि कॅमेरा मोठ्या गेटवर. फाटक सकाळी आईने उघडायचं, संध्याकाळी काकांनी कुलूप लावायचं. किल्ली मात्र एकच. ही एका किल्लीची कल्पना माझी. त्यामुळे दोघांना दिवसातून दोनदा एकमेकांचं तोंड बघावंच लागतं.

परवा सोमवारी काका किल्ली द्यायला आले ते डबा घेऊनच. त्यांच्या पत्नी लेकीकडे गेल्या होत्या. दारात उभं राहून काकांनी हळूच विचारलं, “कशावर चाललंय?”

“बाजरी हाय. गव्हाला येळ लागंल. बसा त्या पोत्यावर.”

काका बसले. पट्टा आता नवा आहे, मशीनचा आवाज कमी झालाय, त्यामुळे मला घरातून सगळं ऐकू येत होतं.

“तुमच्या मुलीनं त्या निवेदनात नऊ वेळा सलोखा लिहिलं होतं,” काका म्हणाले. “मी मोजलं होतं.”

“लिहीलच की,” आई म्हणाली. “शिकलीय ती.”