पावणेअकरा तासांनी

आधीच सांगते, मी धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मुद्दाम ओलांडून जाते, असली बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

माझी पीएचडी शनी ग्रहावर. त्याच्याभोवतीच्या वेगवान इलेक्ट्रॉनांची संख्या साधारण पावणेअकरा तासांनी चढते, परत उतरते. माझ्याकडे एका जुन्या यानाची शेवटच्या महिन्यांची फाईल होती. ते यान शनीतच शिरून संपलं, तिथेच फाईलही संपते.

आबा, म्हणजे माझे वडील, सोनगीरला कापूस पिकवतात. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार! "मनी पोर शनीकडे नोकरीले शे," असं बसस्टँडवर अनोळखी माणसालाही सांगायचे. गेल्या वर्षी त्यांना झटके सुरू झाले. "ऊनं..." म्हणायचे, म्हणजे 'आलं'. मग हात थरथरायचा आणि पाच मिनिटं वाचा बंद. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी वेळा लिहायला सांगितल्या, त्या माय कॅलेंडरवर लिहायची, झटका मोठा की हलका तेही.

मी पाहिलं तर कशाचा कशाला मेळच नाही. शुक्रवार दुपारच्या नोंदीखाली परत शुक्रवारचीच पहाट! मी मायवर चिडले, तर तीच माझ्यावर उखडली.

"दिन उगना का मंग वार बदलस वं! इतलंबी समजत नही तुले?"

उजाडेपर्यंत तिच्यासाठी आदलाच वार. मी तारखा दुरुस्त केल्या आणि मधले तास परत एकदा मोजले. दर पावणेअकरा तासांनी झटका! गंमत म्हणून — छे, गंमत कसली, भीतीनंच — फाईल शेजारी ठेवली, पहिल्या झटक्यासमोर पहिली ओळ. आकडा मोठा तिथे झटका मोठा, आकडा लहान तिथे हलका. ओळीनं जुळत होतं. त्याच हिशोबानं फाईलची शेवटची ओळ येत होती येत्या शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

कुणाला सांगणार? रजा टाकून सोनगीर गाठलं. आबा ओट्यावर बसले होते.

"शनीनी सुटी दिनी का वं?" त्यांनी चिडवलं.

मी हसले, त्यांचा हात धरून बसले. चार-दहाला तो थरथरला. "ऊनं," म्हणाले. मग हात थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली...

तेव्हापासून एकही झटका नाही. आणि आबांच्या तोंडून एकही शब्द नाही. जेवतात, शेतात जातात, वेचणीच्या बायांना हातानंच खुणावतात. रिपोर्ट आजही नॉर्मल आहेत. माझा थिसिस तसाच पडलाय. याचा अर्थ मला लागत नाही, लावून घ्यायची हिंमतही नाही. ज्या शब्दानं आमचा थरकाप उडायचा, तोच आबांनी एकदा म्हणावा म्हणून मी आणि माय त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.