तारेवरचा हात

अलिबागच्या बाजारपेठेमागे एका गाळ्यात मी दात बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी कवळ्या करतो, कॅप करतो, वेड्यावाकड्या दातांना लावायच्या तारा वळवतो. तीस वर्षं हेच चाललंय. माझं काम ज्यांच्या तोंडात बसलं, त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही.

रविवारी मात्र माझं दुसरं काम असायचं. त्याला खेळ म्हटलं की दादा चिडायचा.

दादा माझा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. मालवाहू जहाजावर फिटर होता. मी आठवीत असताना तो पहिल्या सफरीवरून परत आला, तेव्हा वडिलांबरोबर मी त्याला आणायला रेवसच्या धक्क्यावर गेलो होतो. लाँचमधून तो उतरला तो काखेत सुतळीने बांधलेला एक खोका घेऊन. खोक्यावरचं चित्र मी तिथेच उभ्या उभ्या पाहिलं. एक बुटकी मोटार, मागची चाकं पुढच्यांच्या तिप्पट. टप फोडून एक हिरवा राक्षस वर आलेला. डोळे बेडकासारखे बाहेर, जीभ वाऱ्यावर उडतेय, दात फावड्याएवढे, आणि एक हात गिअरच्या लांबलचक दांड्यावर.

घरी येऊन खोका उघडला तर आत मोटारही नाही नि राक्षसही नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेले शंभरेक तुकडे. अर्धा डोळा, पाव चाक, जिभेची एक बाजू. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. आम्ही दोघांनी त्या सुट्टीत ओटीवर बसून ते केलं. खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट वापरला. एक डोळा वर गेला, एक खाली. दादा म्हणाला, "हा तर थेट आपला मामा!" आणि आम्ही इतके हसलो की आई स्वयंपाकघरातून पळीसकट बाहेर आली.

पुढे प्रत्येक सुट्टीत तो असा एखादा खोका आणायचा. हे कार्टूनछाप राक्षस तेव्हाच जुने झाले होते, नवे निघायचे बंद झाले होते. कुठल्या कुठल्या बंदरांतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत तो ते हुडकायचा. पण आता उघडायचा नाही. आमच्या चौलच्या घरातल्या लोखंडी कपाटात एकावर एक रचून ठेवायचा. वहिनीची लग्नातली शालू-पैठणी त्या पायी पत्र्याच्या ट्रंकेत राहिली.

"उघड ना एखादा," मी म्हणायचो.

"आता न्हाय. चार दिवसांत काय होतंय? रिटायर झालो ना, का दर रविवारी बसायचं. तू नि मी. घाई न्हाय कसली."

दादा चोपन्नाव्या वर्षी कायमचा घरी आला. तसा अजून चार वर्षं तो जाऊ शकला असता. "पुरे झाला समुद्र," एवढंच बोलला. आम्हा सगळ्यांना ते पटलं. त्या दिवशी वहिनीने चहा आणला, तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी धरला. मी पाहिलं, पण विचारलं नाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितल्याचं वहिनीकडून मला कळलं ते महिनाभराने.

त्याच महिन्यात आम्ही कपाट उघडलं. बावीस खोके होते. पहिला त्याने स्वतः उघडला. मोटारीचे टायर मऊ रबरासारखे असतात. इतकी वर्षं खाऱ्या, दमट हवेत बंद राहून ते चिकट झाले होते, आणि ज्या तुकड्यांना टेकले होते ते पांढरं प्लॅस्टिक त्यांनी खाऊन टाकलं होतं. मेणबत्तीने चटका द्यावा तसे खड्डे. स्टिकरं पिवळी पडून कागदाला चिकटून बसली होती. दुसरा खोका उघडला, तिसरा उघडला. बहुतेकांची तीच गत.

दादाने शेवटच्या खोक्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "जपून ठेवलं म्हणून सडलं."

"सडलं नाही. मी भरून काढतो," मी म्हटलं.

आणि खरोखर ते मला जमण्यासारखं होतं. खड्डे बुजवायला, तुटलेला जबडा नव्याने करायला जे ॲक्रिलिक लागतं, तेच मी रोज कवळ्यांना वापरतो. हिरडीच्या रंगाची पूड तर माझ्याकडे बरण्या भरून होती. दर रविवारी दादा चौलहून सकाळच्या मिनिडोरने, म्हणजे आमच्याकडच्या सहा जणांच्या तीनचाकी रिक्षाने, माझ्या गाळ्यावर यायला लागला. बाजार बंद असायचा. मी शटर अर्धं वर ठेवायचो आणि तो वाकून आत यायचा.

पहिल्या रविवारी त्याने नखं कापायच्या कटरने एक तुकडा जाळीतून कापायला घेतला. हात हलत होता, तरी त्याने नेम धरला, श्वास रोखला आणि दाबलं. राक्षसाचं बोट मधोमध तुटलं. त्याने कटर टेबलावर ठेवला. "तू कर. मी सांगतो," म्हणाला. त्यानंतर त्याने एकाही तुकड्याला हात लावला नाही.

पण सांगायला तो पक्का होता. जहाजावर पोरांना कामाला लावायची सवय त्याची. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे करायचं त्याच्या मनात नसायचं. "ह्याला बॉयलरसूट घाल. माझ्यासारखा, काखेत फाटलेला." मी घातला. "ह्याला सोन्याचा दात." मी बसवला. एका मोटारीचं तर आम्ही चाक काढून, मागे बाकडी लावून मिनिडोर केलं. हिरवा राक्षस चालवतोय, मागे सहाच्या जागी नऊ राक्षस कोंबलेले, एकाची जीभ बाहेर लोंबतेय. दादा ते पाहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. साताठ महिने असे गेले. आमच्या दोघांच्या आयुष्यात इतका सलग सहवास कधीच मिळाला नव्हता.

मग मी ती तार लावली.

एका किटमध्ये राक्षसाचा गिअरवरचा हात वेगळा तुकडा होता. तो नुसता चिकटवण्याऐवजी मी दातांना लावतो त्यातली सगळ्यात बारीक तार घेतली, तिची स्प्रिंग वळवली आणि हात त्या स्प्रिंगवर बसवला. टेबलाला जरा धक्का लागला की हात दांड्यावर थरथरायचा. जुनी मोटार सुटल्यासारखी वाटायची. आठवड्याभरात मी ते केलं, मनाशी खूश होतो. दादाला दाखवायची घाई झाली होती. करताना मला दुसरं काही सुचलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगेन. पण नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय, की सात दिवस ती तार वळवताना माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाचा हात होता? त्याचं उत्तर मला नीट देता आलेलं नाही.

रविवारी दादा आला. वाकून आत शिरला, खुर्चीवर बसला आणि आधारासाठी टेबलावर हात टेकला. त्याच्या हाताने टेबल हललं आणि टेबलाने त्यावरच्या राक्षसाचा तो दुसरा हात.

दोन्ही हात थरथरत होते. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"बरा काढलास," तो म्हणाला. "हुबेहूब काढलास."

"दादा, तसं नाही. अरे, मला..."

"न्हाय, काम चांगला हाय. कामात तू चुकत न्हायस."

तो आला तसा वाकून निघून गेला. मी मागे धावलो नाही. मिनिडोर भरायला वेळ लागतो, नाक्यावर तो निदान पंधरा मिनिटं बसला असणार. मी गाळ्यात उभा राहून ती पंधरा मिनिटं घालवली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला की वहिनी उचलायची, "झोपलेत," म्हणायची. चौल माझ्यापासून पाऊण तासावर. रोज ठरवायचो की उद्या जायचं. मग कामं निघायची, किंवा मीच काढायचो. पाच रविवार असे गेल्यावर वहिनी भाजी घ्यायला अलिबागला आली ती थेट गाळ्यात आली.

"भावोजी, काय झालंय तुमच्यात? ते काय सांगत न्हाईत."

मी सगळं सांगितलं. ती मोटारही दाखवली. वहिनीने तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "या घरी," एवढंच बोलून ती पिशवी उचलून गेली.

त्या दिवशी मी तार कापली, हात दांड्यावर पक्का चिकटवला, जोड दिसणार नाही असा रंगवला आणि मोटार घेऊन चौलला गेलो. दादा पडवीत आरामखुर्चीत होता. वाडीतल्या सुपाऱ्या गोळा करायला आलेल्या बाईशी काहीतरी बोलत होता. मी मोटार त्याच्या समोर ठेवली. स्टूल हलवून दाखवलं. हात जागचा हलला नाही.

त्याने शांतपणे पाहिलं. "त्याचा थांबवलास. आता माझा थांबव."

चहा प्यायलो, वाडीतल्या पाण्याचं, पंपाचं बोललो आणि परत आलो. नंतर मी अधूनमधून जायचो, तोही बोलायचा, पण किटचा विषय दोघांनीही काढला नाही. गाळ्यावर तो पुन्हा कधी आला नाही.

दीड वर्षात तो बराच खंगला. आवाज बारीक झाला, चालणं पावलापावलाचं झालं. पडून पुढचे दात गेले, मग बाकीचेही काढावे लागले. पेज आणि मऊ भातावर आला. मी ज्यांचं काम करतो त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना इथवर आणू नकोस. माप तूच घरी जाऊन घे, बाकीचं मी बघतो."

माप घ्यायचा मसाला पाण्यात कालवला की मिनिटभरात तोंडात बसवावा लागतो, आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाने तोंड हलवायचं नसतं. मी दादाच्या मागे उभा राहिलो, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि मसाला भरलेला ट्रे बोटांनी दाबून ठेवला. लहानपणी तो मला असाच धरून कडू औषध पाजायचा. त्याचं डोकं माझ्या पोटाला लागून सारखं हलत होतं. ती दोन-तीन मिनिटं त्याला बोलता येणार नव्हतं, उठून जाता येणार नव्हतं. मला तेव्हाच बोलायचं धाडस झालं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

"दादा, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुझी थट्टा नव्हती रे. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि तू गेल्यावर मी मागे यायला हवं होतं. आलो नाही."

मसाला घट्ट झाला. मी ट्रे काढला. त्याने चूळ भरली, वहिनीने तोंड पुसलं. मग तो हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला.

"मला वाटला, तुला माझी लाज वाटते. म्हणून हसण्यावारी नेलास."

"नाही रे."

"न्हाय ना?"

"नाही."

"मग झाला," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. थकला होता.

ती कवळी मी आयुष्यात केलेल्या कामांत सगळ्यात चांगली. रंग, ठेवण, सगळं त्याच्या तरुणपणीच्या फोटोवरून. त्याने ती जेमतेम तीन आठवडे वापरली. त्या थंडीत छातीत कफ भरला, गिळताना ठसका लागायला लागला आणि इस्पितळात चौथ्या दिवशी तो गेला.

वर्षश्राद्धानंतर वहिनी पनवेलला मुलीकडे राहायला निघाली. घर आवरायला मी गेलो होतो. न उघडलेले नऊ खोके कपाटात होते, ते तिने मला न्यायला सांगितले. मी ते पडवीत आणून ठेवले, मग आम्ही दोघं उंबऱ्याशी चहा घेत बसलो.

"भावोजी, एक सांगू?" ती म्हणाली. "त्यांचा हात झोपेत थांबायचा. जागे असले का चालू. रात्र रात्र झोप न्हाय लागायची त्यांना, पडल्या पडल्या हात उशीवर टकटक करीत राह्याचा. मी ऐकत राह्याची."

मी कप खाली ठेवला.

"रविवारी मात्र तुमच्याकडून आले का जेवून आडवे व्हायचे नि पाच मिनिटांत हात थांबायचा. दुपारी दुपारी झोपायचे. मी म्हणायची, काय बाय पोरखेळ, पण रविवारची मी वाट बघायची."

ती मला बोल लावत नव्हती. कप घेऊन ती आत गेली, मी बसून राहिलो. ज्या रविवारी तो आला नाही ते मी मोजायला लागलो. आधी ते पाच, मग ते दीड वर्ष. पन्नासाच्या पुढे गेल्यावर मोजायचं सोडलं. आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने वहिनीने हाक मारली, कडीकोयंडा नीट लागत नाही म्हणाली, आणि मी तो बघायला उठलो.