माझी शुगर उतरली की बंद पडणारी स्कूटर

आधीच सांगतो, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी शाळेत विज्ञान शिकवतो. भूतखेत, नजर, करणी... यातलं काही मी घरातही बोलू देत नाही. तरीही हे लिहितोय, कारण पोटात ठेवून आता त्रास होतोय.

पोटाचंच दुखणं आहे तसं. स्वादुपिंड बरीच वर्षं सुजून सुजून निकामी झालंय. डॉक्टरांनी समजावलं की साखर कमी करणारं इन्सुलिन याच ग्रंथीत बनतं आणि साखर घसरली तर वर खेचणारं ग्लुकॅगॉनही तिथंच. माझी दोन्ही खाती बंद. म्हणून इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्यावर साखर कधी धाडकन उतरेल सांगता येत नाही, आणि मला तर कळतही नाही.

पहिल्यांदा झालं ते चंद्रपूरला जाताना, भर दुपारी. अजयपूरच्या पुढे, दोन्हीकडे जंगल, आणि आमची जुनी स्कूटर एकदम बंद. टाकी भरलेली. मी उतरून किका मारू लागलो. मागे बसलेली सुनंदा, माझी बायको, खाली उतरली, थोडा वेळ बघत राहिली, मग शांतपणे म्हणाली,

"अहो, तुमी त्या दगडाले काऊन लाथा मारून राह्यले?"

खरंच... मी किलोमीटरच्या दगडाला किक मारत होतो! तिनं पर्समधली साखर माझ्या तोंडात कोंबली, शुगर मोजायचं मीटर लावलं. अठ्ठेचाळीस. पंधरा मिनिटांनी नव्वद झाली. मग स्कूटर अर्ध्या किकेत सुरू.

योगायोग, मी म्हटलं. पंधरा दिवसांनी, मी एकटाच असताना, राईस मिलच्या वळणाअलीकडे पुन्हा बंद. मी ढकलायच्या तयारीत असतानाच धानाचा ट्रक उलट्या बाजूनं भरधाव वळून गेला. पाय लटपटले ते ट्रकमुळे असं वाटलं. मीटर म्हणालं पन्नास. त्या शुगरवर मी ते वळण घेतलं असतं तर... हे मी सुनंदाला अजून सांगितलेलं नाही.

मेकॅनिक वासुदेवभाऊंनी प्लग, कार्बोरेटर, सगळं उघडलं. शेवटी हात पुसत म्हणाले, "सर, गाडीत काईच नाई. फॉल्ट तुमच्यात हाय."

मग मी प्रयोग केला. सुनंदानं महिनाभर गाडी चालवली. एकदाही बंद पडली नाही. माझ्या हाती आली, आठवड्यात बंद. बावन्न.

नागपूरच्या डॉक्टरांना भीतभीत सांगितलं. ते खूप हसले. इंजिनाला हार्मोन कळत नाहीत, म्हणाले. डोस कमी केला, खिशात साखर ठेवायला सांगितली. मी आणि सुनंदा दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. आवाज जरा खाली आणून म्हणाले,

"माझ्या आईचीही शुगर अशीच उतरते... ती गाडी विकायचीय का?"

मी काही बोलायच्या आत सुनंदा म्हणाली, "नाई."

वर्गात मी अजूनही कार्यकारणभाव शिकवतो. हे मात्र कुठल्या धड्यात बसवायचं, मला खरंच कळलेलं नाही.