अप्पांना मी मिशनऱ्यांकडे नेलं

अमेरिकेला यायला मी कराड सोडलं त्या सकाळी अप्पांनी माझ्या दोन्ही बॅगा रद्दीवाल्याकडे नेऊन त्याच्या काट्याला टांगल्या. त्यातली एक बॅग दीड किलोने जास्त भरली. अप्पांनी तिथेच गठ्ठ्यांवर बॅग उघडली आणि आईने दिलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी काढून रद्दीवाल्याच्या बायकोला देऊन टाकली. आईला विचारलं नाही, मलाही नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, अहो, विचारायचं तरी. अप्पा म्हणाले, त्यात विचारायचं काय, वजन जास्त होतं. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच व्हायचे आणि अप्पा बरोबर असायचे हीच खरी पंचाईत होती.

गाडीत बसण्याआधी मी त्यांच्याकडून वचन घेतलं. कुणालाही काहीही झालं तरी मला त्याच दिवशी कळवायचं, माझ्या नोकरीचं काय होईल ते माझं मी बघेन. अप्पांना ते लागलं. म्हणाले, "मला सांगतेस? तार ऑफिसात एकतीस वर्षं काढली. मयताची तार माझ्या हातून कधी तासभर थांबली नाही." आणि ते खरं होतं. तालुक्यातल्या कितीतरी मुंबईकर पोरांना आईबापाचं शेवटचं तोंड दिसलं ते अप्पांमुळे, असं गावातले लोक अजून सांगतात.

आणि माझी आई गेली ते मला पाचव्या दिवशी कळलं.

तुमच्यातले जे मागे देशातच राहिले त्यांना हे वाचून वाटेल, असतील बापाची काही कारणं. होती ना. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. अमेरिकेबाहेर पडले तर परतीच्या व्हिसा-स्टॅम्पिंगमध्ये महिनोन्‌महिने लटकायची भीती होती. हे सगळं एका रविवारी फोनवर मीच त्यांना रडगाणं म्हणून सांगितलं होतं. ते त्यांनी जपून ठेवलं आणि नेमकं वेळेला वापरलं. आई दोन दिवस तापाने फणफणली, तिसऱ्या दिवशी गेली. अप्पांनी अख्ख्या गल्लीला ताकीद दिली, कुणी फोन करायचा नाही. अस्थी कृष्णेत सोडल्या आणि मग मला फोन केला. मी इथे इलिनॉयमध्ये, शॉमबर्गच्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होते, हातात कॉफी. "आई गेली. सगळं झालंय. तू आता उगाच धावपळ करू नकोस."

त्या दिवसापासून मी डूख धरला. आठ वर्षं धरला. नवरा म्हणतो, सोड ना यार आता, म्हातारा माणूस आहे. मी म्हणते, तुझ्या आईला तुला न दाखवता कुणी जाळलं का? दर रविवारी मी फोन करायचे, पण तब्येत आणि गॅस सिलिंडर यापलीकडे एक शब्द बोलायचे नाही. माझं गॉलब्लॅडर काढलं तेव्हा मुद्दाम महिनाभर थांबले आणि मग त्यांना कळवलं. वाक्य न्‌ वाक्य त्यांचंच वापरलं. ऑपरेशन झालं. सगळं झालंय. तुम्ही उगाच धावपळ करू नका. पलीकडून त्यांनी हळूच विचारलं, टाके काढले का. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

मला हवं होतं ते एकच. चुकलं माझं, एवढं त्यांनी तोंडाने म्हणावं. पण अप्पांच्या तोंडून ते कधी आईनेही ऐकलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले. तोवर आम्ही इथले सिटिझन झालो होतो, घर घेतलं होतं, त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली केली होती. अप्पा सकाळी सबडिव्हिजनला, म्हणजे आमच्या कॉलनीला, तीन फेऱ्या मारायचे आणि कुणाच्या लॉनवर पाणी जास्त पडतंय ते येऊन सांगायचे. आईचं नाव घरात निघालं की मी भांडी घासायला उठायचे. त्यांनाही ते कळत होतं.

आता अप्पांचं एक सांगायला हवं. मिशनरी म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. गोडबोले लोक, गरिबाला गाठून धर्म बदलतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं म्हणजे फुकट म्हटलं की ते कुठेही येतात. या दोन्ही गोष्टींचा मी विचार केला आणि एका शनिवारी त्यांना गाडीत घातलं. इलिनॉयच्या पार पश्चिमेला मिसिसिपीच्या काठी एक जुनं गाव आहे. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते वसवलं, मग आसपासच्यांनी त्यांना तिथून हुसकून लावलं आणि ते भर थंडीत पश्चिमेकडे निघाले. त्या इतिहासाचं तिथे म्युझियम आहे, एकदम इंटरॲक्टिव्ह, तिकीट नाही. मी अप्पांना एवढंच म्हटलं, इतिहासाचं म्युझियम आहे आणि फुकट आहे. ते चालवतं कोण, हे नाही सांगितलं. आधी सांगायची पद्धत आपल्या घरात आहे कुठे?

साडेचार-पाच तासांचा ड्राइव्ह, दोन्हीकडे नुसता मका. अप्पा खुशीत होते. दारात एक सत्तरीची बाई उभी होती. पांढरे केस, लांब स्कर्ट, छातीवर काळी पट्टी, त्यावर सिस्टर अमुक, मिशनरी. अप्पांनी पट्टी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मी तिकडे नदी बघत होते. मनात म्हटलं, बसा आता.

पण डाव पहिल्याच तासात उलटायला लागला. ती बाई इतकी साधी होती की अप्पांना तिच्यावर चिडता येईना. ती आणि तिचा नवरा आयडाहोहून स्वतःच्या खर्चाने दीड वर्षाच्या सेवेला आलेले, मागे नातवंडं ठेवून. अप्पांनी जरा वेळाने तिला आपल्या शुगरचं सांगायला सुरुवात केली, कारण सिस्टर म्हटल्यावर त्यांचं तोंड आपोआपच उघडतं. हातगाडी ओढून बघायची होती, ती त्यांनी ओढली. छापखान्याचे खिळे उलटे लावायचे होते, तेही लावले. एका खोलीत लाकडी पेटी होती. घर सोडून जाताना काय न्याल ते तीत भरायचं, वजन जास्त झालं की लाल दिवा लागतो. अप्पांनी आरसा काढला, बशा काढल्या, बाहुली काढली, दिवा हिरवा झाला. चेहरा अगदी रद्दीवाल्याकडचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटच्या खोलीत वंशावळीचे मोठे टच-स्क्रीन होते. सिस्टरने विचारलं, कुणाचं नाव घालायचंय का. मी आईचं घातलं. जन्मगाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, नवऱ्याचं नाव. खाली एक फांदी फुटली, तिला माझ्या नावाची चौकट. अप्पा चष्मा सावरत बघत होते. त्यांना आवडलं होतं ते. मग मी सिस्टरला मुद्दाम विचारलं, तुमच्यात मेलेल्यांचाही बाप्तिस्मा करतात म्हणे? तिने न लाजता नीट समजावून सांगितलं. मेलेल्यांच्या वतीने त्यांचे वंशज देवळात बाप्तिस्मा घेतात, पण ते वंशज मॉर्मन असले तरच. आणि त्यानंतरही त्या जिवाला पूर्ण मुभा असते, स्वीकारायचं की नाकारायचं. तुझ्या आईचं नाव इथे नुसती नोंद म्हणून राहील, काळजी करू नकोस, असंही ती म्हणाली.

अप्पांना इंग्रजी येतं, पण इथले उच्चार कळत नाहीत. त्यांनी विचारलं, काय म्हणतेय. मी सांगितलं, "हे लोक मेलेल्यांचाही बाप्तिस्मा करतात. नाव मिळालं की पुरे." बाकीचं गिळून टाकलं. हो, मुद्दाम. आठ वर्षांत एवढी चांगली संधी मला मिळाली नव्हती.

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. आधी हळू म्हणाले, नाव काढ. मी हलले नाही. मग त्यांचा आवाज चढला, बाजूची पोरं वळून बघायला लागली.

"अगं, गेलेल्या बाईला न विचारता, कुणाला न कळवता, परस्पर सगळं उरकायचं? ही काय माणुसकी झाली?"

"मला विचारलं होतंत?" मी म्हटलं.

बस. एवढंच म्हटलं. कितीतरी वर्षं शॉवरखाली लांबलचक भाषणं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

अप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले. स्वतःच नाव काढायला गेले. स्क्रीनवर नाव काढून टाकण्यासाठी एक चौकट उघडली, कारण लिहा म्हणून. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. अप्पा त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग बोटं ठेवली. बोटं वाकडी झालीत संधिवाताने, पण वेग तोच जुना, तार ऑफिसातला. सगळी मोठी अक्षरं, एक शब्द जास्त नाही. इंग्रजीत लिहिलं, डॉटरला विचारलं नाही. कळवलं नाही. फॉल्ट माझा. रिग्रेट.

सिस्टर लांब जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. अप्पांनी वाचलं. एकेक शब्द, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "आता तरी काढ तिचं नाव."

खाली दोन बटणं होती. एक दाबलं असतं तर नाव गेलं असतं आणि अप्पांनी लिहिलेलं म्युझियमच्या नोंदीत राहिलं असतं. मी कॅन्सल दाबलं. चौकट मिटली, अप्पांची ती तीन-चार वाक्यं गेली, आईचं नाव राहिलं. ज्या शब्दांसाठी इतकी वर्षं टपून बसले होते ते मी स्वतःच पुसले, आणि अप्पांनी मागितलेलं मात्र दिलं नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मला त्या क्षणी थंडगार वाटलं, आणि पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर रडू फुटलं.

परतीच्या वाटेवर दीडेक तास मी नुसती गाडी चालवली. मग मीच सांगितलं, सिस्टरचं बोलणं मी अर्धंच सांगितलं होतं. धर्मात गेलेल्या वंशजाशिवाय काही होत नाही, आणि झालं तरी गेलेल्याला विचारतात, हवं की नको. अप्पा मक्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे तिला विचारणार."

"हो."

"नाहीच म्हणेल ती."

"म्हणू दे. म्हणायला तरी मिळेल."

त्यावर अप्पांनी मान हलवली आणि काच थोडी खाली केली. घरी आल्यावर आम्ही पिठलं-भात खाल्ला. आईचं नाव निघालं आणि मी भांडी घासायला उठले नाही.

ते परत कराडला गेले त्याला आता आठ महिने झाले. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ठाऊक आहे, इथे राहून घर म्हणजे काय ते हळूहळू विसरायला होतं. घर म्हणजे मॉर्गेज, घर म्हणजे गराज, घर म्हणजे आयसेलिनच्या देशी दुकानातून कुणीतरी आणलेली भाकरवडी. माझ्यासाठी आता घर म्हणजे अप्पांचा वेळीअवेळी येणारा फोन. ते मला सगळं विचारतात. पाण्याची टाकी बदलू का. आईचं कपाट हलवू का. गल्लीत कुणी गेलं की तासाभरात कळवतात. ज्यांचं तोंड मला आठवत नाही अशा माणसांच्या मयताच्या बातम्या माझ्या ऑफिसच्या रोजच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये येऊन पडतात आणि मी म्यूट करून ऐकते. माफ केलं असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. वाट बघू देत. मी आठ वर्षं बघितली.

गेल्या मंगळवारी असाच मीटिंगमध्ये फोन आला. मागे गडबड होती, कुणीतरी नंबर पुकारत होतं. अप्पा म्हणाले, "दवाखान्यात आलोय. छातीत जरा दुखतंय. आत जायचंय. अजून काही झालेलं नाही, आधी कळवतोय."

मी सगळ्यांसमोर उठले. लॅपटॉपवर मीटिंग चालूच होती, त्यावरच तिकिटांचं पान उघडलं. म्हटलं, "मी निघतेय. डॉक्टर सांगतील ते करा, पण मी येईपर्यंत बाकी काही करायचं नाही. मला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही."

अप्पा म्हणाले, "बरं."