निळ्या खुणा

आमच्या ह्यांचा मोबाईल कंपन्यांवर भारी राग. स्टेशनांवर फुकट वायफाय आलं तेव्हा लॉटरी लागल्यासारखे खूश झाले. "आता बसा म्हणावं माशा मारत," म्हणाले आणि नेटचा पॅक बंद करून टाकला. नंबर चालू राहील एवढंच किरकोळ रिचार्ज ठेवलं.

निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ते टी. नगरजवळच्या आमच्या माम्बलम स्टेशनच्या बाकावर वायफाय लावून बसायचे. बँक सुटली की मी एग्मोरहून मेसेज टाकायचे, "गाडीत बसले." त्यांनी तो वाचला की माझ्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटायच्या. मग भाजी घेऊन आम्ही दोघं घरी.

ते गेले तरी माझी सवय गेली नाही. त्यांचा फोन मी पर्समध्ये ठेवू लागले. एग्मोरला मेसेज टाकायचा, माम्बलमला उतरून त्यांच्या बाकावर त्यांचा फोन वायफायला जोडायचा. पर्समध्ये टुण्ण वाजायचं. माझ्या फोनवर दोन करड्या खुणा यायच्या. मेसेज पोचल्याच्या, वाचल्याच्या नव्हेत. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. पण तो आवाज ऐकल्याशिवाय घराकडे पाय वळत नसत.

रिचार्ज करा म्हणून कंपनी मागे लागली होती. फुकट वायफायवर सगळं चालतंय तर कशाला, असं मी ह्यांच्याच ठसक्यात म्हणायचे. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काढून घेते आणि दुसऱ्याला देते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बँकेत जन्म घालवलेली बाई मी!

परवा माम्बलमला उतरून फोन जोडला. पर्स गप्प. माझ्या फोनवर पाहिलं. "गाडीत बसले"च्या शेजारी दोन्ही खुणा निळ्या होत्या. वर ह्यांचं नाव, आणि त्याखाली कुणीतरी टाईप करत असल्याचं दिसत होतं. बाकाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघायचं धाडस होईना.

मग तमिळमध्ये उत्तर आलं, "नींग यारु?" तुम्ही कोण?

ह्यांच्या फोटोच्या जागी पिवळ्या साडीतली कुणी मुलगी हसत होती. मला कंपनीचा राग आला, ह्यांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. दोन गाड्या येऊन गेल्या तरी मी तिथेच बसून होते. शेवटी लिहिलं, "राँग नंबर."

इतक्या वर्षांच्या संसारात त्या नंबरावर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं.