न चावलेलं खाजं

मी सातवीत असताना कोल्हापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या पुढे आलेल्या दातांना तार बसवली. कडक काही चावायचं नाही आणि प्रत्येक खाण्यानंतर तारेभोवती ब्रश फिरवायचा, असं त्यांनी बजावलं. आईने पहिली सूचना मनावर घेतली. दुसरी तिला पटली नाही. आमच्या जामसंड्याच्या घरात दात सकाळी एकदाच घासत, आणि सारखं घासून तार सुटेल अशी तिला भीती होती.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या. जत्रेहून येणारा प्रत्येकजण खाज्याचा, म्हणजे गुळाच्या पाकात घोळवलेल्या कडक कांड्यांचा पुडा आणायचा.

"चावू नको गो, तोंडात घोळव," आई म्हणायची. "तार तुटली तर परत कोल्हापुराक जावचा लागतला."

मी एकेक कांडी विरघळेपर्यंत गालात धरून बसायची.

डॉक्टरांनी दर महिन्याला बोलावलं होतं, पण वडील शिक्षक, त्यांना रजा मिळेना. आम्ही थेट मे महिन्याच्या सुट्टीत गेलो. डॉक्टरांनी तार काढली. तिच्याखाली चार दात तपकिरी पडले होते. एक आतपर्यंत किडला होता.

"पण हिने एकदाही काही चावलं नाही हो," आई म्हणाली.

"चावलं असतं तर तार तुटली असती," डॉक्टर म्हणाले. "तार मी दुसरी बसवली असती."

मग त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि माझा वरचा पुढचा दात काढला.