कौतिकभाऊंचे अकरा दिवस

पाचोऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कौतिक सोनवणेचा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला होता. अपंगांच्या योजनेतून ब्याण्णव साली बूथ मिळाला, आणि पस्तिशीपर्यंत भावाच्या ओट्यावर बसून राहिलेला हा माणूस वर्षभरात 'कौतिकभाऊ' झाला. बूथमुळेच त्याचं केसरबाईशी लग्न जमलं. लोक आता त्याच्याकडे काम घेऊन यायचे, नमस्कार करायचे.

त्याची स्मरणशक्ती अफाट होती. एकदा लावलेला नंबर तो विसरत नसे. गिऱ्हाईक दारात दिसलं की विचारायचा, "सुरत ना? लावू?" लोक चकित व्हायचे आणि त्याला बरं वाटायचं.

त्याच्याकडे रोज येऊन बसणारा एकच माणूस होता, भाईदास. समोरच त्याचं खत-बियाण्यांचं मोठं दुकान होतं. घरचा सधन, बायकापोरांचा धनी, चार लोकांत ऊठबस असलेला. असा माणूस आपल्यासाठी चहा सांगतो, खांद्यावर हात ठेवून बोलतो, याचं कौतिकला फार अप्रूप होतं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंदाबाई फोन करायला यायच्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, वय सव्वीस, खोली घेऊन एकट्या राहायच्या. मूळच्या धुळ्यापलीकडच्या सोनगीरच्या. वडील नव्हते. आई धुरपदाबाई मजुरीला जायची. सोनगीरच्या बौद्ध वस्तीतली नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. आईकडे फोन कुठला असणार? तोताराम नानांच्या पितळी भांड्यांच्या दुकानात फोन होता. शनिवारी दुपारी धुरपदाबाई तिथे येऊन बसायची.

एकदा मंदाबाई बोलून गेल्यावर भाईदासने सहज विचारलं, "ही बाई दर शनिवारी कोणाला फोन करते रे?"

"आईला. सोनगीरला, तोताराम नानांच्या दुकानात."

"नंबर आहे पाठ?"

कौतिकने नुसता सांगितला नाही, कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला. कशाला हवा, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. महिन्यापूर्वी भाईदासने रस्त्यात मंदाबाईंना काहीतरी घाणेरडं म्हटलं होतं आणि बसस्टँडवर चार लोकांसमोर त्यांनी त्याला झापलं होतं, हे कौतिकला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या मंगळवारी भाईदास केबिनमध्ये शिरला आणि काचेचं दार ओढून घेतलं. टेबलावरच्या यंत्रावर लाल आकडे उमटले. सोनगीरचाच नंबर. कुठल्या तरी नातलगासाठी स्थळाची चौकशी करत असेल, अशी कौतिकने स्वतःची समजूत घातली. गुरुवारी पुन्हा तोच नंबर. या वेळी दार नीट लागलं नव्हतं. "मी शाळेतला क्लार्क बोलतो," असं भाईदास बदललेल्या आवाजात म्हणाला, आणि पुढे मंदाबाईंच्या पोटात कोणाचं तरी पोर असल्याचं सांगू लागला. भाईदास बाहेर आला, हसला, म्हणाला, "गंमत रे." आणि चहा मागवला.

तो चहा कौतिक प्यायला. पुढे आयुष्यभर त्याला तो आठवत राहिला.

सोमवारी मंदाबाई आल्या. डोळे सुजलेले होते. फोन भर दुकानात आले होते, उचलेल त्याला तेच सांगितलं गेलं होतं, गिऱ्हाइकांनीही ऐकलं होतं. दोन दिवसांत सोनगीरभर झालं होतं. जमू पाहत असलेल्या स्थळाने नकार कळवला होता.

"कौतिकभाऊ, तो नंबर मी पाचोऱ्यात कोणालाच दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो फक्त तुमच्या इथून लागतो. कोणी विचारला होता का तुम्हाला?"

भाईदास समोर आपल्या दुकानाच्या गादीवर बसलेला दिसत होता. कौतिकने टेबलाकडे पाहिलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "माझ्याकडून नंबर बाहेर जात नाही."

त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. उलट म्हणाल्या, "माफ करा, तुमच्यावर आळ घेतल्यासारखं झालं." त्याच आठवड्यात धुरपदाबाई येऊन लेकीला घेऊन गेली. शाळेत रजेचा अर्ज पडला. मंदाबाई नोकरीच सोडणार असं लोक बोलू लागले. काही म्हणाले, धूर निघतो म्हणजे कुठेतरी आग असणारच. हे वाक्य बूथवर, कौतिकच्या पुढ्यात बोललं गेलं, आणि त्याने मान खाली घातली.

त्याला जेवण जाईना. केसरबाईने विचारलं तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने वाढलेलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "उद्या माझ्या माहेरचा नंबर कोणी मागितला, तर तोही देणार का?" ती उठून आत गेली.

भाईदास कधीच पावती नेत नसे. यंत्रातून निघालेल्या त्याच्या पावत्या तारेला टोचलेल्या होत्या, नंबर, तारीख आणि वेळ छापलेल्या. कौतिकने त्या काढून खिशात ठेवल्या. मंदाबाईंशी खोटं बोलल्याच्या अकराव्या दिवशी त्याने बूथ बंद ठेवला आणि कुबडी घेऊन धुळ्याची एसटी धरली.

सोनगीरला तोताराम नानांच्या दुकानात पोचला तेव्हा दुपार झाली होती. नानांनी माणूस पाठवून धुरपदाबाईला बोलावलं. तिच्यामागून मंदाबाईही आल्या. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. कौतिक म्हणाला, "जरा आतल्या खोलीत बसून बोलू या का?"

धुरपदाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोन उना तवय बठ्ठास्नी आयकं," ती म्हणाली. "आते तू बी बठ्ठासमोर सांग."

फोन सगळ्यांनी ऐकला होता, म्हणून त्यानेही सगळ्यांसमोरच सांगितलं. आपण नंबर दिला, कोणी फोन केले, आपण ऐकले आणि गप्प बसलो. पावत्या नानांच्या हातात दिल्या. नाना चष्मा लावून तारखा वाचत गेले. "बरोबर," ते हळू म्हणाले. "मंगळवार. गुरुवार. वेळ बी हीच." एक गिऱ्हाईक भांडं तसंच ठेवून निघून गेलं. तेही त्या दिवशी ऐकणाऱ्यांतलं होतं.

मंदाबाईंनी एकच विचारलं. "मी तुमच्या समोर उभं राहून विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," कौतिक म्हणाला. "आणि त्याची भीती."

"लाज तुम्हाला वाटली," त्या म्हणाल्या, "आणि गाव बोललं मला. मीच तुमची माफी मागून आले."

त्यांनी पावत्या रुमालात गुंडाळून घेतल्या. दोन दिवसांनी त्या पाचोऱ्याला आल्या आणि थेट पोलीस ठाण्यात गेल्या. फोनवर बोलण्याची कसली तक्रार, म्हणून आधी त्यांना बसवून ठेवलं. पण पावत्या होत्या, आणि जबाब द्यायला कौतिक आला होता. भाईदासला अटक झाली, जामीन मिळाला, खटला रेंगाळला. शेवटी कोर्टात दंड झाला. एवढंच. दुकान चालूच राहिलं. कौतिकच्या बूथवर मात्र भाईदासच्या बाजूची माणसं फिरकेनाशी झाली.

मंदाबाई शाळेत रुजू झाल्या. आईला फोन करायला त्या पोस्टात जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या. बूथवरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायच्या. कौतिकने कधी हाक मारली नाही. चार वर्षांनी त्यांची फैजपूरकडे बदली झाली, हे त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

त्याने यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. पावती ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. कोणी दुसऱ्याचा नंबर विचारला, मग तो जवळचा का असेना, तर "मला पाठ नाही" म्हणायचा. एकट्यादुकट्या मुली आल्या तर केबिनच्या दाराजवळ कोणाला उभं राहू द्यायचा नाही.

पुढे गावात ही गोष्ट वेगळ्याच रंगाने सांगितली जाऊ लागली. लंगड्या कौतिकने एकट्याने सोनगीर गाठलं, बड्या माणसाविरुद्ध साक्ष दिली, बाईची अब्रू राखली. एका सत्कारालाही त्याला बोलावलं. तो गेला नाही. बोलवायला आलेल्यांना म्हणाला, "बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो होतो. ते आधी सांगणार असाल तर येतो."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा संपवला आणि गेले.